‘खासगी तळं आहे, छोटं आहे, घाबरू नका’ : फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पाटण-जावळीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. डोंगरात एका खासगी मालकाने ओढा अडवून मातीचं धरण बांधलंय. त्याबद्दल खालच्या वाडीने तक्रार केली, तिला हे उत्तर. धरण छोटं आहे, पंचवीस वर्षं उभं आहे, पाझर प्रत्येक मातीच्या धरणाला असतो, भरावावरची झाडं माती धरून ठेवतात, सांडव्यावर (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर) पोती रचली ती उन्हाळ्याला पाणी पुरावं म्हणून, जागा खासगी असल्यामुळे बाहेरच्यांचा संबंध नाही, धरण सुरक्षा कायद्यातही ते बसत नाही, आणि काही झालंच तर आधी कळेल. शिकलेली माणसंही हा मेसेज पुढे पाठवतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ‘छोटं’. अशा तळ्यात ५० हजार घनमीटर पाणी धरू. म्हणजे ५ कोटी लिटर. माण-खटावात उन्हाळ्यात धावणाऱ्या १० हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर ५ हजार टँकर, आणि तेही एकदम, उतारावर, ओढ्याच्या अरुंद पात्रातून. धोका भिंतीच्या उंचीइतकाच खाली कोण राहतं यावरही ठरतो. केनियात सोलाई इथे ९ मे २०१८ च्या रात्री एका खासगी शेतावरचं मातीचं धरण फुटलं आणि खालच्या वस्तीतली चाळीसहून जास्त माणसं गेली. तेही कुणाच्या मालकीचं शेतातलं धरणच होतं.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती सांडव्यावरच्या पोत्यांची, आणि मेसेजमध्ये नेमकं त्याचंच कौतुक आहे. मातीच्या धरणावरून पाणी वाहून चालत नाही. काँक्रीटची भिंत थोडा वेळ तग धरेल, पण मातीचा भराव माथ्यावरून पाणी गेलं की मागच्या उतारावरून कातरला जातो आणि बघता बघता खिंडार पडतं. ते होऊ नये म्हणून सांडवा असतो. सांडव्याची पातळी आणि माथा यांच्यातलं अंतर पुरासाठी मोकळं सोडलेलं असतं, ते वाया गेलेलं नसतं. पोती रचून दोन फूट पाणी वाढवलं म्हणजे त्या अंतरातून दोन फूट काढून घेतलं.

हिशेब करून बघा. धरणाच्या वरचं पाणलोट क्षेत्र ५० हेक्टर असेल आणि तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर वरून ५० हजार घनमीटर पाणी येऊ शकतं. म्हणजे तळ्यात जेवढं मावतं तेवढंच आणखी. जुलैत डोंगर आधीच पाणी पिऊन बसलेला असतो, त्यामुळे त्यातलं बहुतेक खालीच येतं. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. त्याच पावसात आंबेघर आणि मिरगावात दरडी कोसळल्या. आपल्याकडे असा पाऊस पडत नाही असं कुणी म्हणू नये.

अमेरिकेत जॉन्सटाउनच्या वरचं साउथ फोर्क धरण एका श्रीमंत क्लबच्या मालकीचं होतं. माथ्यावरून घोडागाड्या जाव्यात म्हणून त्यांनी माथा खाली घेतला. तळातले पाणी सोडायचे पाइप आधीच काढून टाकलेले होते, ते पुन्हा बसवले नाहीत. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या आणि पुरात त्या काडीकचऱ्याने तुंबल्या. ३१ मे १८८९ रोजी पाणी माथ्यावरून गेलं, धरण फुटलं आणि २,२०९ माणसं मेली.

पाझराचा मुद्दा अर्धा खरा आहे. मातीच्या धरणाला पाझर असतो. बघायचं असतं ते पाणी नितळ आहे की गढूळ, तळ्याची पातळी तीच असताना गेल्या वर्षीपेक्षा वाढलंय का, आणि विमोचकाच्या (तळातून पाणी सोडायच्या दाराच्या) पाइपाच्या कडेने येतंय का. गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहून चालली आहे. ती पोकळी मागच्या पायथ्यापासून तळ्याच्या दिशेने वाढत जाते आणि वरून भराव धडधाकट दिसतो. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण तालुका. तिथलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, वीसहून जास्त जीव गेले. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधीच सांगितलं होतं. नंतर खेकड्यांवर खापर फोडलं गेलं. खेकड्यांची बिळं असतातच, ती वेळच्या वेळी बुजवणं हे माणसाचं काम.

तिवरे जेमतेम वीस वर्षांचं होतं, तेव्हा ‘पंचवीस वर्षं उभं आहे’ यातून काहीच सिद्ध होत नाही. तेवढ्या काळात लोखंडी पाइप गंजतो, पिचिंगचे (भरावाच्या उतारावर रचलेले) दगड सरकतात, गाळ साठतो. शिवाय हा कोयनेचा पट्टा आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप इथलाच, आणि लहान धक्के अजून बसतात. धक्का जाणवला की माथ्यावर भेगा पडल्या का ते कुणीतरी चालत जाऊन बघायला हवं.

झाडांचं सांगणं तर उलटंच आहे. भरावावर गवत हवं, झाड नको. मुळं मेली, कुजली की पाण्याला आयती वाट मिळते, आणि वादळात झाड उन्मळलं तर मातीचा गड्डा घेऊनच पडतं. मात्र आता भर पावसात मोठी झाडं मुळासकट उपटू नका. ते काम पाणी उतरल्यावर, अभियंत्याला विचारून करायचं.

‘खासगी जागा’ : २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १५ मीटरपेक्षा उंच, आणि काही अटींवर १० ते १५ मीटरची धरणं येतात. आपलं तळं त्यात बसत नाही, हे मेसेजवाल्याचं म्हणणं बरोबर. पण त्याच कायद्यात त्याहून लहान धरणाच्या मालकानेही सुरक्षेसाठी आवश्यक ती काळजी घ्यायची आहे, हे तो सांगत नाही. आपल्या जमिनीत साठवलेलं पाणी सुटून दुसऱ्याचं नुकसान झालं तर साठवणारा जबाबदार, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १८६८ सालीच ठरलं, तेही एका खासगी तळ्याच्याच खटल्यात. १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हा आपल्याकडच्या खटल्यांचं शेवटचं अपील ऐकणाऱ्या लंडनच्या न्यायपीठाने) मद्रासकडच्या एका जमीनदाराला त्यातून सूट दिली खरी, कारण त्याचे तलाव लोकांच्या शेतीसाठी परंपरेने राखलेले होते आणि निष्काळजीपणा दिसला नव्हता. सांडवा पोत्यांनी बुजवणाऱ्याला त्या सुटीचा आधार घेता येणार नाही.

‘आधी कळेल’ म्हणणाऱ्यांना विचारायचंय, कुणाला कळेल? धरणावर रखवालदार नाही. पावसात वीज जाते, डोंगरात रेंज नसते. सोलाई आणि तिवरे दोन्ही अंधार पडल्यावरच फुटली. म्हणून पोती याच आठवड्यात निघायला हवीत. सांडवा आणि त्याच्या पुढची वाट साफ व्हायला हवी. विमोचक उघडतो की नाही ते तलाठ्यासमोर उघडून दाखवावं, आणि तपासणी होईपर्यंत पाणी निम्म्यावर ठेवावं. जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, त्यांच्याकडे वाडीचा लेखी अर्ज गेला पाहिजे, पोचपावतीसह. मालकाने स्वतः त्यावर सही केली तर उत्तमच.