मुख्यालय आणायचंय? मग करारातली ‘नोकरी’ची व्याख्या आधी वाचा

अमेरिकेतलं एखादं उपनगर मोठ्या कंपनीचं मुख्यालय आणायला निघालं की बातमीत दोनच आकडे झळकतात: नोकऱ्या किती आणि सवलत किती. माझ्या मते या दोन आकड्यांवरून व्यवहार बरा की वाईट हे कळतच नाही. पैसे आधी जाणार की नोकऱ्या दिसल्यावर, आणि ते नेमके कुणाच्या वाट्यातून जाणार, यावर सगळं ठरतं.

आधी वाट्याचं बघू. सवलत मंजूर करते नगर परिषद, पण मालमत्ता कर एकट्या परिषदेचा नसतो. त्यात काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग), शाळा जिल्हा (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्वतंत्र संस्था), वाचनालय, उद्यानं असे अनेक वाटेकरी असतात आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यांत मोठा वाटा शाळांचा. समजा इमारतीचं करपात्र मूल्य १० कोटी डॉलर आणि कराचा एकूण दर २ टक्के. म्हणजे वर्षाला २० लाख डॉलर कर. १० वर्षं निम्मा कर माफ केला की १ कोटी गेले. शाळांचा वाटा ६० टक्के असेल आणि माफीतून शाळांना वगळलं नसेल, तर त्यातले ६० लाख शाळांचे. मुख्यालयासोबत कुटुंबं येतात, पटसंख्या वाढते, वर्गखोल्या लागतात, आणि नेमक्या त्याच वर्षांत शाळेचा पैसा अडकलेला असतो. म्हणून शाळा जिल्ह्याची लेखी संमती किंवा त्याचा वाटा माफीतून पूर्ण वगळून घेणं, ही माझ्या लेखी पहिली अट. ती मान्य नसेल तर पुढची बोलणीच नकोत.

टिफ, म्हणजे टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग, यातही हेच होतं, फक्त ते पटकन दिसत नाही. जागेचं आजचं मूल्य गोठवायचं आणि त्यावर जी वाढ होईल तिचा कर वेगळ्या निधीत वळवायचा. इलिनॉयमध्ये ही मुदत २३ वर्षांची, आणि विधिमंडळाने वाढवली तर ३५ पर्यंत. आज बालवाडीत जाणारं मूल नोकरीला लागेल तोवर ती वाढ शाळेपर्यंत पोहोचत नाही. त्यातही मोठा फरक कर्ज कोण काढतं याने पडतो. कंपनीने स्वतःच्या पैशाने बांधावं आणि कर जमा होईल तशी परतफेड घ्यावी, ही सुरक्षित पद्धत. उपनगराने आपली पत वापरून रोखे काढून आधीच रस्ते आणि पार्किंग बांधून दिलं, आणि मूल्य अपेक्षेइतकं वाढलंच नाही, तर हप्ते घरमालकांच्या करातून जातात.

आणखी एक पळवाट सर्रास राहून जाते. इमारत उभी राहिल्यावर कंपनी मूल्यांकनाविरुद्ध अपील करते. १० कोटींची इमारत ७ कोटींवर आली की कराचा सगळा हिशेब कोसळतो. यावर उपाय एकच: करपात्र मूल्य अमुक रकमेच्या खाली नेण्याची मागणी कंपनी करणार नाही, असं कलम करारातच घालायचं.

शिकागोजवळच्या हॉफमन इस्टेट्सचं उदाहरण सगळ्यांनी नीट पाहावं. १९८९ मध्ये सिअर्स या किरकोळ विक्रीच्या बड्या कंपनीने शिकागोतला आपला मुख्यालयाचा टॉवर सोडायचं ठरवलं, तेव्हा राज्याने खास कायदा करून तिथे करसवलतीचं क्षेत्र आखलं. मुदत संपत आली तसं कंपनीने पुन्हा राज्य सोडायची भाषा केली. २०११ मध्ये ओहायोची मोठी ऑफर पुढे आली, आणि इलिनॉयने वर्षाला १.५ कोटी डॉलर अशी १० वर्षांची कर-सूट देऊन मालमत्ता कराची सवलतही लांबवली. बदल्यात अट ४,२५० नोकऱ्यांची. तिथल्या ‘शाळा जिल्हा ३००’ या संस्थेने तेव्हाच कडाडून विरोध केला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. २०२३ मध्ये तो परिसर डेटा सेंटरसाठी विकला गेला. एकाच भाडेकरूसाठी बांधलेली लाखो चौरस फुटांची कार्यालयं दुसऱ्या कुणाला सहज देता येत नाहीत. दिलेले पैसे परत घेण्याचं कलम दिवाळखोरीत फारसं कामी येत नाही, कारण उपनगर तारण नसलेल्या धनकोंच्या रांगेत उभं राहतं. परतफेडीच्या कलमापेक्षा पैसे उशिरा देणं केव्हाही चांगलं, असं मी म्हणतो ते यामुळेच.

वॉशिंग्टनशेजारच्या आर्लिंग्टनमध्ये ॲमेझॉनशी तिच्या दुसऱ्या मुख्यालयासाठी झालेला करार त्या दृष्टीने बराच नेटका आहे. व्हर्जिनियाने पहिल्या २५,००० नोकऱ्यांसाठी सरासरी २२,००० डॉलर प्रति नोकरी कबूल केले, एकूण ५५ कोटी. पण आधी नोकरी, मग पडताळणी, मग रक्कम. शिवाय सरासरी पगार दीड लाख डॉलर हवा. आर्लिंग्टनने स्वतःचं रोख अनुदान हॉटेल कराच्या वाढीतून द्यायचं ठरवलं. मार्च २०२३ मध्ये ॲमेझॉनने दुसऱ्या टप्प्याचं बांधकाम पुढे ढकललं. ज्या नोकऱ्या आल्याच नाहीत त्यांचे पैसे द्यायचा प्रश्नच उरला नाही.

आता ‘नोकरी’ची व्याख्या. आकडे फुगतात ते इथेच. कंत्राटदाराची माणसं मोजायची का? राज्यातल्याच जुन्या कार्यालयातून हलवलेली माणसं नवी धरायची का? दुसऱ्या राज्यातून घरबसल्या काम करणारा, पण कागदावर या पत्त्याशी जोडलेला कर्मचारी धरायचा का? पगाराची अट सरासरीवर असेल तर चार बड्या अधिकाऱ्यांचे पगार ती वर खेचतात, म्हणून मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारा पगार, लिहून घ्यावा. संख्या कंपनीच्या पत्रावरून नव्हे, तर राज्याच्या बेरोजगारी विमा विभागाकडे दर तिमाहीला जाणाऱ्या वेतन-विवरणावरून तपासावी. आणि संख्या कमी भरली तर त्या प्रमाणात रक्कम आपोआप घटावी, परिषदेच्या मतदानाची वाट न पाहता.

शेजारच्या उपनगराकडून कंपनी पळवायला तर माझा ठाम विरोध आहे. कॅन्सस सिटीमध्ये कॅन्सस आणि मिसुरी या दोन राज्यांची सीमा महानगरातूनच जाते. एएमसी थिएटर्स मिसुरीतून कॅन्ससमधल्या लीवुडला गेली, ॲपलबीज ही रेस्टॉरंट साखळी उलट दिशेने आली आणि २०१५ मध्ये तिचंही मुख्यालय कॅलिफोर्नियाला हलवायचं ठरलं. कॅन्ससच्या ‘पीक’ योजनेत कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेल्या राज्य कराचा ९५ टक्के हिस्सा कंपनीला स्वतःकडे ठेवता येतो. माणसं त्याच महानगरात राहिली, फक्त ऑफिसला जायचा रस्ता बदलला. शेवटी २०१९ मध्ये दोन्ही राज्यांनी सीमेलगतच्या काउंट्यांपुरता एकमेकांच्या कंपन्या सवलतीने न पळवण्याचा तह केला.

टिमथी बार्टिक या अर्थशास्त्रज्ञाने उपलब्ध अभ्यास तपासून काढलेला निष्कर्ष असा की, सवलत मिळालेल्या कंपन्यांपैकी फार तर २ ते २५ टक्क्यांच्याच निर्णयाला ती सवलत कारणीभूत ठरते. बाकीच्या तशाही आल्याच असत्या. हे ठाऊक असलेलं उपनगर बोलणी धीराने करतं. ॲटलांटाजवळच्या स्टोनक्रेस्टने ॲमेझॉनचं तेच दुसरं मुख्यालय मिळावं म्हणून २०१७ मध्ये ३४५ एकर जमीन वेगळी काढून तिथल्या नव्या गावाला ‘ॲमेझॉन’ नाव द्यायची तयारी दाखवली. इतकी अगतिकता दिसल्यावर समोरचा कशाला काही सोडेल? त्यापेक्षा सांडपाण्याची क्षमता वाढवा, महामार्गावर चढण्या-उतरण्याचे रस्ते नीट करा, बांधकाम परवाना किती दिवसांत देणार ते लिहून द्या. कंपनी गेली तरी हे तुमच्याकडेच राहतं.

तुमच्या उपनगरात असा प्रस्ताव आला असेल तर परिषदेच्या बैठकीची कागदपत्रं वेबसाइटवर बैठकीच्या काही दिवस आधी येतात. सादरीकरणातली रंगीत चित्रं सोडा, सोबत जोडलेला कराराचा मसुदा उघडा. व्याख्यांच्या कलमात ‘पूर्णवेळ नोकरी’ शोधा, मग रक्कम देण्याच्या तारखा, मग शाळा जिल्ह्याचं नाव. यातलं एक जरी सापडलं नाही, तरी जाहीर सुनावणीत आपल्याला मिळणारी दोन-तीन मिनिटं त्याच एका प्रश्नासाठी वापरा, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.