आरपार सूर्य दिसणारा फिल्टर चांगला नाही, फाटका आहे

‘कंपनीचा कागदी एअर फिल्टर फेका, मायलेज 5 किलोमीटरने वाढवा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या आपल्याकडच्या ग्रुपांवर फिरतो आहे. आमच्या मामांनी तो वाचला आणि बोलेरोचा फिल्टर काढून पेट्रोलच्या घमेल्यात बुडवायला घेतला. म्हणून हे लिहितो आहे.

मेसेजमधले दावे थोडक्यात असे. कंपनी मुद्दाम जाड कागद लावते, त्यामुळे इंजिन गुदमरतं. फिल्टर उन्हात धरून बघा, सूर्य जितका साफ दिसेल तितका फिल्टर चांगला. कागदी फिल्टर पेट्रोलने किंवा डिझेलने धुवा. दर आठवड्याला पंक्चरवाल्याकडे हवा मारून घ्या. पैसे असतील तर कापसाचा धुता येणारा ‘लाइफटाइम’ फिल्टर टाका, नाहीतर बॉक्स काढून उघडा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा फिल्टर, लावा. आणि उन्हाळ्यात फिल्टर काढूनच गाडी चालवा, इंजिन थंड राहतं. शेवटी ‘हे विदेशी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे’ अशी ओळ.

शास्त्रज्ञांचंच नाव घेतलं आहे तर तिथूनच सुरुवात करू. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने 2009 साली नेमका हाच प्रश्न तपासला. फ्युएल इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांचे फिल्टर मुद्दाम चोक केले, म्हणजे तुंबवले, आणि इंधन किती जातं ते मोजलं. मायलेजमध्ये दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. फरक निघाला पिकअपमध्ये. चोक झालेल्या फिल्टरच्या जागी नवा टाकल्यावर वेग पकडायला लागणारा वेळ 6 ते 11 टक्क्यांनी सुधारला. मायलेज घसरलं होतं ते जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचं, तेही 2 ते 6 टक्के.

कारण सरळ आहे. आजच्या गाडीत हवा किती आली हे सेन्सर मोजतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा छोटा कॉम्प्युटर, तेवढ्याच हिशेबाने पेट्रोल सोडतो. हवा कमी आली तर पेट्रोलही कमी जातं आणि ताकद घटते. शिवाय साध्या वेगात चालताना थ्रॉटलची झडप अर्धवट मिटलेलीच असते. हवेला खरी अडवणूक तिथे होते, फिल्टरमध्ये नाही. घाणेरडा फिल्टर बदलूनही जिथे मायलेज हलत नाही, तिथे एक चांगला फिल्टर काढून दुसरा टाकल्याने 18 ची गाडी 23 देईल, म्हणजे 27-28 टक्के जास्त, हे कोणाला पटतं तरी कसं?

डिझेलमध्ये थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. बोलेरो, पिकअप यांचा फिल्टर खरोखर गच्च भरला की चढावर गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते आणि ड्रायव्हर गिअर खाली टाकून रेस देत राहतो. तिथे नवा फिल्टर टाकल्यावर गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते. ती करामत फिल्टर नवा असल्याची असते, भारी कंपनीचा किंवा कापसाचा असल्याची नाही. 300 रुपयांचा साधा कागदी टाकला असता तरी तेच झालं असतं.

आता तो सूर्याचा मुद्दा. सगळ्या मेसेजमध्ये सर्वांत चुकीचा आणि सर्वांत नुकसानीचा हाच आहे, कारण ही परीक्षा करायला सोपी वाटते आणि ती माणसाला बरोबर उलट्या फिल्टरकडे नेते.

एअर फिल्टर म्हणजे चाळणी नव्हे. कागदातली छिद्रं पुष्कळदा अडवायच्या कणांपेक्षा मोठी असतात. कण अडतो तो तंतूंच्या गुंत्यात वळणं घेताना. हवा वळते, जड कण वळू शकत नाही आणि तंतूवर आदळून चिकटतो. अगदी बारीक कण इकडेतिकडे भरकटत तंतूला लागतात. म्हणून कागदाला जाडी हवी, घड्या भरपूर हव्यात आणि तंतू दाट हवेत. ज्यातून सूर्य आरपार दिसतो त्यातून धूळही आरपार जाते.

उजेडाची परीक्षा मेकॅनिक करतात हे खरं आहे, पण ती भोक शोधण्यासाठी. अंधाऱ्या खोलीत फिल्टरच्या आत बल्ब किंवा मोबाईलची बॅटरी धरायची. सगळीकडे सारखा मंद, पसरट उजेड दिसला तर ठीक. कुठे टाचणीच्या टोकाएवढा चकचकीत ठिपका दिसला तर तिथे कागद फाटला आहे आणि तो फिल्टर टाकून द्यायचा. मेसेजने हीच परीक्षा उलटी करून सांगितली आहे.

धुळीचा हिशेब मांडू म्हणजे गांभीर्य कळेल. 1 लिटर पेट्रोल जाळायला साधारण 9,000 लिटर हवा लागते. 35 लिटरची टाकी रिकामी होईपर्यंत इंजिनने तीन लाख लिटरच्या वर हवा ओढलेली असते. डिझेल इंजिन त्याहून जास्त ओढतं. ही हवा आपण कुठली देतो? पांधण रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागून जाताना काच चढवावी लागते, ती हवा. मुरूम टाकलेला, गिट्टी उघडी पडलेला रस्ता. वर्धा, वैनगंगेच्या घाटावरची रेती वाहणारे टिप्पर. ऑक्टोबरात सोयाबीनच्या थ्रेशरचा भुसा, पुढे तुरीचं कुटार. वणी, घुग्घुसकडे कोळशाची भुकटी. रेतीतला गारगोटीचा कण कठीणपणाच्या 1 ते 10 च्या मापात 7 वर मोजला जातो, सिलिंडरचं लोखंड त्याहून मऊ. साधारण 5 ते 20 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण, जो डोळ्यांना दिसतही नाही, तो पिस्टनची रिंग आणि सिलिंडर यांच्या मधल्या तेलाच्या थरात शिरतो आणि दोन्ही बाजू घासत राहतो. टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असेल तर त्याच्या पात्यांच्या कडा आधी झिजतात.

इथे टक्केवारी फसवते. एक फिल्टर 99 टक्के धूळ अडवतो, दुसरा 97. ऐकायला फरक दोनाचा. पण इंजिनमध्ये काय जातं ते बघा. समजा फिल्टरच्या आयुष्यात त्याच्यावर 200 ग्रॅम धूळ आली. पहिल्यातून 2 ग्रॅम आत गेली, दुसऱ्यातून 6 ग्रॅम. तिप्पट. म्हणून फिल्टर घेताना ‘हवा किती मोकळी जाते’ हे विचारण्याआधी ‘धूळ किती अडते’ हे विचारा. फिल्टर तपासण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 5011 हे आहे. त्यात हवेला होणारा अडथळा, धूळ अडवण्याची क्षमता आणि फिल्टरमध्ये किती धूळ मावते, ही तिन्ही मोजली जातात. जो विकणारा फक्त पहिला आकडा सांगतो आणि दुसऱ्यावर गप्प बसतो, त्याच्याकडून घेऊ नका.

पेट्रोलने धुण्याचा सल्ला कुठून आला ते ओळखता येतं. जुन्या जीपला आणि बऱ्याच ट्रॅक्टरना ऑईल बाथ एअर क्लीनर असतो. खाली तेलाची वाटी, वर तारेची जाळी. तो डिझेलने धुवायचा, वाळवायचा, वाटीत खुणेपर्यंत नवीन ऑईल भरायचं, हे बरोबरच आहे. मोटारसायकलच्या काही मॉडेलांचा फोमचा फिल्टरही धुवून, तेल लावून परत बसवतात. पण तीच रीत कागदाला लावली की कागद गेला. ओला झाला की तंतू फुगतात, घड्या एकमेकींना चिकटतात, कागदाला ताठ ठेवणारं राळेचं बंधन सैल होतं. कडेचा मऊ रबरासारखा काठ पेट्रोलने फुगून वेडावाकडा होतो आणि मग बॉक्समध्ये नीट बसत नाही. धूळ तर निघतच नाही, चिखल होऊन कागदात आणखी खोल बसते. पेट्रोलने ओला फिल्टर बसवून गाडी चालू करणं हा आगीचाही धोका आहे.

पंक्चरवाल्याच्या टाकीत 120-150 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दाब असतो. कागद एवढा दाब सोसत नाही. हवा मारायचीच तर 30 पीएसआयच्या आत, नळी वीतभर लांब धरून, आणि आतल्या म्हणजे स्वच्छ बाजूने बाहेर. बाहेरून मारली तर धूळ आतच ढकलली जाते. फिल्टर जमिनीवर आपटू नका, काठ वाकतो. ट्रॅक्टरला किंवा मोठ्या गाडीला दोन फिल्टर असतील तर आतला छोटा सेफ्टी फिल्टर साफ करायचाच नसतो, फक्त बदलायचा असतो.

आणि दर आठवड्याला कशाला? थोडा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा जास्त धूळ अडवतो, कारण साचलेला थर स्वतःच गाळायला लागतो. प्रत्येक वेळी बॉक्स उघडताना झाकणावरची धूळ स्वच्छ बाजूला सांडते, एखादी क्लिप तुटते, काठ सरकतो. ज्यांचं गाव कच्च्या रस्त्यावर आहे त्यांनी 5,000 किलोमीटरला उघडून बघावं, वरचा कापूस, कुटार, पाखरं हाताने काढावीत आणि 10 ते 15 हजारांच्या दरम्यान बदलून टाकावा. गाडीच्या पुस्तकात मोठा आकडा असतो तो चांगल्या रस्त्यांचा. धुळीच्या भागासाठी त्याच पुस्तकात वेगळी सूचना असते, ती वाचा.

कापसाच्या धुता येणाऱ्या फिल्टरला सरसकट वाईट म्हणणार नाही. वस्तू खरी आहे, डांबरी रस्त्यावर चालते, आणि इंजिनाची ताकद वाढवून घेतलेल्या गाड्यांना मोकळ्या हवेचा उपयोगही होतो. अशा फिल्टरच्या जाहिरातींत 96 ते 99 टक्के असे आकडे दिसतात. वर केलेला हिशेब लावा आणि त्यातला 96 म्हणजे काय ते बघा. शिवाय ते 99 टिकवायला त्याची सेवा बिनचूक व्हावी लागते. ठरलेल्या क्लीनरने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मग सगळ्या घड्यांवर सारखं तेल. तेल कमी पडलं तिथून धूळ जाते. जास्त झालं तर ते ओढलं जाऊन एअर फ्लो सेन्सरवर बसू शकतं आणि गाडी आयडलला, म्हणजे रेस न देता चालू ठेवल्यावर, अडखळायला लागते. मार्च-एप्रिलच्या वावटळीत अंगणात ओला फिल्टर वाळत घालणार असाल तर न धुतलेलाच बरा. काही हजार रुपये त्याच्यात घालण्यापेक्षा तेवढ्यात 200 ते 500 रुपयांचे चांगले कागदी फिल्टर कितीतरी वर्षं येतात.

उघडा कोन आपल्याकडे नकोच. कंपनीचा पाइप हेडलाइटच्या मागून किंवा ग्रिलजवळून बाहेरची हवा घेतो. कोन बॉनेटखालची गरम हवा ओढतो. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे बाहेरच 45 अंश असतात. बॉनेटखाली 75 धरले तर ती हवा साधारण 8-9 टक्के विरळ, म्हणजे तेवढी ताकद आधीच गेली. पेट्रोल गाडीत नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून होणाऱ्या ठकठकीची, भर. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असताना खाली लावलेल्या कोनाने घोटभर पाणी जरी ओढलं तरी कनेक्टिंग रॉड वाकतो. 

उन्हाळ्यात फिल्टर काढून चालवा म्हणणाऱ्याने गाडीच्या मालकाचं वाटोळं करायचं ठरवलं आहे. इंजिन गरम होण्याशी एअर फिल्टरचा संबंध नाही. आपल्याकडे गाडी तापते ती बहुतेक वेळा रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या जाळीत कापूस आणि कुटार अडकल्याने, कूलंट कमी झाल्याने किंवा पंखा बंद पडल्याने. जाळी इंजिनच्या बाजूने बाहेर अशी कमी दाबाच्या पाण्याने धुवा. फिल्टरविना पांधणीने चाललेल्या गाडीत पुढे काय दिसतं तेही सांगतो. ऑईल टाकायचं झाकण उघडलं की धपापा हवा येते, ऑईल कमी होत जातं, निळा धूर सुरू होतो. नंतर नवा फिल्टर टाकून ते परत येत नाही. इंजिन उघडावंच लागतं.

मग घ्यायचा कोणता? कंपनीचा जेन्युइन, किंवा बॉश, माहले, प्युरोलेटर असल्या नावाजलेल्या ब्रँडचा, पक्क्या बिलावर. त्याच डब्यांची नक्कल तालुक्याच्या बाजारात मिळते म्हणून बिल. नुसतं ‘स्विफ्टचा द्या’ म्हणू नका. पेट्रोल की डिझेल, कोणतं साल, बीएस 4 की बीएस 6 (धुराच्या प्रदूषणाचं मानक) हे सांगा, किंवा जुन्या फिल्टरवरचा पार्ट नंबर दाखवा. दुकानातच जुना आणि नवा शेजारी ठेवा. लांबी, रुंदी, काठाची जाडी आणि उंची जुळली पाहिजे. घड्या मोजा, नव्यात ठळकपणे कमी असतील तर कागद वाचवला आहे. घड्यांवरून अंगठा फिरवा, त्या एकमेकींवर लवंडल्या तर नको. काठ दाबून सोडा, लगेच मूळ आकारात यायला हवा. कोपऱ्यात कागद आणि काठ यांच्यामध्ये फट असेल तर बाकी काहीही बघू नका, परत करा.

बसवण्याआधी बॉक्स ओल्या कापडाने पुसा, इंजिनकडे जाणाऱ्या पाइपाचं तोंड आधी कापडाने बंद करून. बसवल्यावर सगळ्या क्लिपा लागल्या का बघा, एकही सुतळीने बांधू नका. 500 किलोमीटरनंतर एकदा उघडा. काठावर बॉक्सच्या कडेची दाबखूण सलग, न तुटता चारी बाजूंनी उमटलेली हवी. मग फिल्टरकडून इंजिनकडे जाणाऱ्या पाइपात पांढरं कापड फिरवा. कापडावर धूळ आली तर फिल्टर कितीही महाग असो, हवा त्याच्या बाजूने जाते आहे. काठ, क्लिपा आणि पाइपाची चीर, या तीन ठिकाणी शोधा.