ऋतुजाचे बाबा

शाळेतून निरोप आला की माझ्या पोटात आजही गोळा येतो. वय 43, एका पतसंस्थेत शाखाधिकारी, समोर बसणारे लोक ‘साहेब’ म्हणतात. पण ‘पालकांनी उद्या शाळेत यावे’ एवढं वाचलं की मनात पहिलं हेच येतं, आता काय केलं आपण? मुलीने काय केलं असेल, हे दुसरं. कारण शाळा तीच आहे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या या तालुक्याच्या गावात मी 1998 साली दहावी झालो ती शाळा आणि मुलगी पाचवीपासून जाते ती शाळा एकच. फरशी बदलली, पत्रे बदलले, माझं पोट तेवढं तसंच राहिलं.

निरोप या वेळी साधा होता. दहावीच्या परीक्षेच्या फॉर्मची प्रीलिस्ट आली आहे, पालकांनी तपासून सही करावी. प्रीलिस्ट म्हणजे बोर्डाच्या दप्तरी गेलेली तुमच्या लेकराची कुंडली. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, माध्यम, विषय. इथे नजर चुकली की चूक मार्कशीटवर छापून येते, आणि मार्कशीटवरची चूक माणसाची पाठ पेन्शनपर्यंत सोडत नाही.

मुलीने कागद आणून दिला. आडनाव बरोबर. माझं नाव बरोबर. आईचं नाव तर काना-मात्रेसकट बरोबर. फक्त मधे, जिथे आमच्या मुलीने असायला हवं, तिथे ‘ऋतुजा’ होती.

आमच्या मुलीचं नाव ऋजुता आहे.

“अगं, हे कोण?” मी ओरडलो.

“मीच,” ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली. “पाचवीपासून शाळेत मी ऋतुजाच आहे. आधी सांगायचे मी, सर, ऋजुता. सर म्हणायचे, हां, तेच ते. मग सोडून दिलं.”

वर्गात आणखी एक खरीखुरी ऋतुजा आहे. तिला ‘पहिली ऋतुजा’ म्हणतात, हिला ‘दुसरी ऋतुजा’. पाच वर्षं हे चाललं आणि आम्हाला पत्ता नाही! प्रगतिपुस्तकं घरी येत होती, मी सह्या करत होतो. पण प्रगतिपुस्तकात कुठला बाप नाव वाचतो? नजर थेट खाली, टक्क्यांवर. तिथून वर येते ती गणितापाशी अडते, आणि मग घरात जे सुरू होतं त्यात नाव वाचायला कोणाला सवड असते?

“पाचवीचा फॉर्म कोणी भरला होता?” बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

“शाळेने घोळ घातलाय.”

“मी फॉर्म कोणी भरला ते विचारतेय.”

मी लगेच बूट घातले. असल्या प्रश्नांना घराबाहेर पडणं हेच उत्तर असतं.

शाळेत शिरताना कितीही साहेब असा, पाय आपोआप व्हरांड्याच्या कडेकडेने चालायला लागतात. शिपाईमामा नवे आहेत, पण त्यांनी ‘कोण पाहिजे?’ असं विचारलं ते जुन्याच मामांच्या आवाजात. तो आवाज बहुधा चार्जच्या यादीत असतो, घंटा आणि किल्ल्यांबरोबर हातात मिळतो.

हायस्कूल मुख्याध्यापक चालवतात असा एक समज आहे. तो पाल्य पाचवीत जाईपर्यंत टिकतो. पुढे कळतं की हायस्कूल चालवतात भाऊसाहेब. भाऊसाहेब म्हणजे लेखनिक. बोनाफाइड त्यांच्या हातात, दाखला त्यांच्या हातात, स्कॉलरशिपचा फॉर्म त्यांच्या हातात, आणि जनरल रजिस्टर त्यांच्या मागच्या लोखंडी कपाटात, ज्याची किल्ली त्यांच्या जानव्याला असावी असा मला लहानपणापासून संशय आहे. (ती कमरेच्या करगोट्याला असते. या खेपेला पाहिली.)

“भाऊसाहेब, मुलीचं नाव चुकलंय.”

“रजिस्टरला काय आहे?”

“रजिस्टर तुमच्याकडे आहे.”

“मग रजिस्टरला ऋतुजा आहे.”

“पण ते चुकीचं आहे.”

“चुकीचं का असेना, रजिस्टरला आहे.” मग जरा प्रेमाने, “ऋतुजाच राहू द्या की साहेब. चालू नाव आहे. नोकरीला बरं पडतं.”

मी आवाज चढवला. एका अक्षरासाठी माणसाला असं अडवायचं का, आपण सगळे माणसंच आहोत, वगैरे. भाऊसाहेबांनी ते सगळं ऐकून घेतलं, पानाची पिंक बाहेर टाकून आले आणि शांतपणे म्हणाले, “मागच्या वर्षी आमच्या कर्जाची फाइल होती तुमच्याकडं. मंडळींच्या आधारला सुनंदा आणि सातबाऱ्याला सुनंदाबाई. ‘बाई’ जास्त आहे म्हणून तुम्ही तीन चकरा मारायला लावल्या. आठवतंय का?”

आठवत होतं. ‘केवायसी म्हणजे केवायसी’ असं मी त्यांना तेव्हा म्हणालो होतो, हेही आठवलं. भाऊसाहेबांनी मग पुराव्यांची यादी सांगितली. जन्माचा दाखला, आधार, प्राथमिक शाळेचा निर्गम उतारा, प्रतिज्ञापत्र, आणि हेडसरांच्या नावाने अर्ज. हेडसर प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जिल्हा परिषदेत पाठवणार, तिथून आदेश येणार, मग रजिस्टरला लाल शाईने दुरुस्ती, त्यावर सही-शिक्का, आणि मग कोल्हापूर बोर्ड. ऐकताना मला वाटलं, मुलीचं नाव बदलण्यापेक्षा तिचा जन्म पुन्हा करवून घेणं सोपं पडेल.

अर्ज तिथेच बाकावर बसून लिहिला. ते बाक पाचवीच्या मापाचं होतं. गुडघे हनुवटीला लागले होते आणि कागद मांडीवर. लिहिताना मानेवर सावली पडली. मी न बघता ओळखलं. ती सावली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी अशीच पडायची.

“उठू नकोस, बस,” मराठीच्या बाई म्हणाल्या. मी अर्धा उठलो होतो, तसाच अर्धा राहिलो. बाई आता निवृत्तीला आल्या आहेत. 31 मे ला 58 पूर्ण. त्यांचाही वाढदिवस 1 जूनचा.

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण ही एक तारीख आमच्या अख्ख्या महाराष्ट्राच्या कपाळावर गोंदलेली आहे. माझीही जन्मतारीख 1 जून 1982. खरी तारीख आईला विचारली की ती सांगते, “बेंदूर होऊन चार दिवस झाले होते आणि पावसानं गोठा गळत होता.” गुरुजींना गोठा रजिस्टरमध्ये घालता येईना, जूनमध्ये सहा पूर्ण भरलेले हवे होते, त्यांनी एक जून ठोकून दिला. आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर 1 जूनला एकोणीस जणांचे वाढदिवस असतात. केक कोणी कोणाला भरवायचा हा प्रश्नच येत नाही. आणि आदल्या दिवशी, 31 मे ला, शाळांपासून तहसीलपर्यंत खुर्च्याच्या खुर्च्या रिकाम्या होतात. तर ज्या राज्यात निम्म्या लोकांची जन्मतारीख मास्तरांनी ठरवली, तिथे मी एका नावासाठी भांडत होतो. पण आमच्या वेळी कोणी तपासायचं नाही. आता यू-डायस, म्हणजे सरकारची शाळांची ऑनलाइन नोंदवही, तपासतं, अपार या विद्यार्थी-ओळखक्रमांकाचे बारा आकडे तपासतात, आणि त्या सगळ्यांना आधारवरचं नाव शाळेच्या नावाशी जुळलेलं लागतं. आधारवर आमची मुलगी ‘रुजुता’ आहे, हे मी भाऊसाहेबांना अजून सांगितलंच नव्हतं. एकाच पोरीची तीन नावं आणि तिन्ही सरकारमान्य.

बाईंनी अर्ज हातात घेतला. माझ्या कपाळाला घाम.

“‘दुरूस्ती’? दुरुस्तीचा रु ऱ्हस्व. अरे, दुरुस्तीच्या अर्जात दुरुस्तीच चुकवलीस?” त्यांच्या हातात लाल पेन कुठून आलं हे मला कळलं नाही. “आणि अक्षर! अजून तसंच. तुझी वही मी मुद्दाम शेवटी ठेवायचे तपासायला. नंतर डोकं दुखलं तरी घरीच जायचं असायचं.”

“बाई, मुलीचं नाव...”

“ऋजुता! किती सुंदर नाव आहे. ऋजू म्हणजे सरळ. आणि ऋतुजा म्हणजे ऋतूपासून जन्मलेली. दोघींचा एकमेकींशी काही संबंध तरी आहे का?” मला वाटलं, आता ही बाई माझ्या बाजूने उभी राहणार. “मी तिला ऋतुजाच म्हणते पण. हजेरीपटावर तेच आहे.”

हेडसरांनी बसायला खुर्ची दिली, म्हणून मला जास्तच भीती वाटली. त्यांचं दुःख वेगळं होतं. आधार न जुळणारं मूल संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवताना, धरत नाहीत, पटावर असूनही ते नसल्यासारखंच. पट घसरला की शिक्षकाचं पद जातं आणि सर अतिरिक्त होतात. “साहेब, दोन वर्षं आम्ही ओरडतोय. वर्गाच्या ग्रुपवर यादी टाकली, चार वेळा टाकली. तुमच्या पाल्याचं नाव तिसरं होतं.” मी काहीच बोललो नाही. तो ग्रुप मी मुलगी आठवीत असतानाच म्यूट केला होता. रोज सकाळी कोणीतरी गुलाबाचं फूल टाकायचं, त्याला चाळीस पालक नमस्कार करायचे. त्या फुलांखाली यादी गाडली गेली असणार.

निर्गम उताऱ्यासाठी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत गेलो, तर गुरुजी जाग्यावर नव्हते. गुरुजी बीएलओ आहेत, म्हणजे मतदारयादीचं सरकारी काम त्यांच्याकडे. मतदारयादी घेऊन वाडीवर गेले होते. तिथे गाठले, तर ते एका ओट्यावर बसून एका आजीबाईंना त्या जिवंत असल्याचं पटवून देत होते, कारण यादीत त्या नव्हत्या. मला म्हणाले, “पाच मिनिटं.” दीड तासाने आम्ही शाळेत आलो. त्यांनी रजिस्टर काढलं, बोट फिरवलं, आणि तिथे होती ती. ऋजुता. स्वच्छ, गोल, गुरुजींच्या अक्षरात. चौथीच्या दाखल्याच्या स्थळप्रतीवरही ऋजुता. मला रडूच यायचं बाकी होतं.

म्हणजे चूक माध्यमिकचीच! दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो ते व्हरांड्याच्या मधोमध चालत. उतारा भाऊसाहेबांच्या टेबलावर आपटला. मागच्या शाळेच्या दाखल्यावर नाव बरोबर असताना तुमच्या रजिस्टरला चुकतंच कसं? ऑफिसात तेव्हा बोनाफाइडसाठी आलेले तीन पालक होते, मुद्दाम त्यांच्याकडे बघून विचारलं.

भाऊसाहेब उठले, कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं. धूळ, दोऱ्या, 2020-21 असं लिहिलेला गठ्ठा.

“लॉकडाउनची ॲडमिशनं होती ही. शाळा बंद होत्या. तुमचा दाखला आला ऑगस्टात. रजिस्टरला नाव घातलं जूनमध्येच, पालकांनी व्हॉट्सॲपवर फॉर्मचे फोटो पाठवले होते त्यावरून. फोटो प्रिंट काढून ठेवलेत आम्ही. आम्ही कागद टाकत नाही, साहेब.” त्यांनी एक पान ओढलं आणि माझ्यापुढे फिरवून ठेवलं. “वाचा.”

फॉर्म आमच्या डायनिंग टेबलावर ठेवून काढलेला फोटो होता, कोपऱ्यात मिठाची बरणी दिसत होती. आईच्या नावाचा रकाना बायकोने स्वतः भरलेला, मोत्यासारखा. बाकी सगळं माझं. वरचा रकाना, विद्यार्थ्याचे नाव. मी चष्मा लावला, कागद जरा लांब धरला आणि मोठ्याने वाचलं.

“ऋतुजा.”

ऑफिसात कोणी बोललं नाही. बोनाफाइडवाल्या एका बाईंनी पदर तोंडाला लावला.

“काढलाय का फॉर्म?” असं म्हणत मराठीच्या बाई आत आल्या. त्यांनी कागद खिडकीकडे धरला, मग उलटा धरून पाहिला.

“हा ज आहे की त?”

“ज, बाई.”

“आणि हा?”

“तो... त.”

“दोघांत फरक काय केलायस?”

मी मान खाली घातली. भाऊसाहेब म्हणाले, प्रस्ताव आज टाकतो, चौथीचा दाखला सोबत आहे म्हणजे लेखनातली चूक धरतील, काळजी करू नका. आणि हळूच पुढे, “सुनंदाबाईचं तेवढं बघा.” मी म्हटलं, बघतो.

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. बाहेर एकच कल्ला उठला, आणि दारातून माझी मुलगी आत डोकावली. तिने माझ्याकडे पाहिलं, बाईंच्या हातातल्या लाल पेनाकडे पाहिलं, आणि ‘मी ओळखत नाही यांना’ असा चेहरा करून मैत्रिणींबरोबर नळाकडे निघून गेली.

बाईंनी टेबलावरून एक पाठकोरा कागद उचलून माझ्यासमोर ठेवला.

“दोन्ही अक्षरं पन्नास-पन्नास वेळा. मी तोवर डबा खाऊन येते.”

भाऊसाहेबांनी रजिस्टर बाजूला सरकवून मला टेबलावर जागा करून दिली.