तक्ता काढला, तयारी मात्र राहू दिली

नमस्कार. उतारवयातल्या छंदांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही लांबणार. तुमचे आक्षेप तीन. उभं आयुष्य घड्याळाच्या काट्यावर गेल्यावर उतारवयातले छंदही तक्त्यात कोंबणं म्हणजे जाच आहे. छंद आपसूक लागतो, त्याची पन्नाशीपासून तयारी करायची नसते. आणि लेखातली यादी फक्त धडधाकट माणसांच्या कामाची आहे. दाखला म्हणून तुम्ही थोरल्या भावांचं उदाहरण दिलंत: ६६व्या वर्षी हौसेनं व्हायोलिन घेतलं आणि दोन महिन्यांत ते पेटीत गेलं.

पहिला आक्षेप मान्य. तासवार तक्ता लेखातून काढून टाकला आहे. ‘सोमवारी ११ ते १२ चित्रकला’ असं लिहून ठेवलं की दोन सोमवार चुकतात आणि तिसऱ्या सोमवारी चित्रकलेचीच धास्ती वाटते. वेळेपेक्षा जागा ठरवावी. टेबलाचा एखादा कोपरा, जिथे अर्धवट काम तसंच पसरून ठेवता येईल. काढायला १० मिनिटं आणि आवरायला १० मिनिटं लागणारा छंद घरात टिकत नाही, माणूस कितीही हौशी असो.

दुसरा मुद्दा मात्र पटत नाही. छंद आपसूक लागेलही, पण हाताला वळण आपसूक लागत नाही. विणकामच घ्या. नवख्यानं ३० टाके घातले की दहाव्या ओळीला ते ३३ होतात. वाढतात ते बहुतेकदा ओळीच्या सुरुवातीला. काम उलटवल्यावर धागा सुईच्या वरून मागे टाकला जातो, पहिला टाका ओढला जातो आणि त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात. दोन्हींतून विणलं की एक टाका वाढला. धागा सुईच्या खालून मागे नेला की प्रश्न मिटतो. पन्नाशीत ही चूक डोळ्यांना दिसते आणि आठवड्याभरात हाताला कळते. सत्तरीत तीच चूक, जोडीला गडद लोकर आणि दुखरा अंगठा. मग ‘आता आपल्याला जमायचं नाही’ म्हणून सुया कपाटात जातात.

तरीही सत्तरीतच सुरुवात करायची असेल तर फिकट रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर आणि ५ मिमीच्या लाकडी सुया घ्याव्यात. धातूच्या सुयांवरून टाके सटकतात. मनगट दुखत असेल तर गोल सुई बरी: दोन आखूड टोकं आणि मधे लवचीक तार. सपाट कापडही तिच्यावर विणता येतं, आणि विणलेल्या भागाचं वजन मनगटावर न येता मांडीत विसावतं.

मी जिला तयारी म्हणतो ती एवढीच: उसनं साहित्य, सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा पाऊण तास. दर बैठकीनंतर एक ओळ लिहायची, कोणत्या कामात वेळेचं भान गेलं? बागकाम आवडतं म्हणणाऱ्या कित्येकांना खरं तर रोपं निवडायला आवडतात, माती कालवायला नाही. (साहित्य जमवणं हाच पुष्कळांचा खरा छंद असतो. त्यात गैर काही नाही, कपाट तेवढं मोठं लागतं.)

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. मूळ लेखात शरीराबद्दल फारच कमी लिहिलं गेलं. डोळ्यांपासून सुरू करू. वयानुसार बाहुली आक्रसते, आतलं भिंग पिवळट होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानानं साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. तेव्हा खर्च आधी दिव्यावर करावा. उजव्या हातानं काम करणाऱ्यानं तो डावीकडे ठेवावा, नाहीतर हाताची सावली नेमकी कामावर पडते. चष्म्याचंही तसंच. वाचायचा नंबर साधारण ४० सेंमी अंतरासाठी असतो, चित्राचा बोर्ड किंवा स्वरलिपीची वही ६० सेंमीवर असते. हनुवटी वर करून प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या (वरून दूरचं, तळातून जवळचं दाखवणाऱ्या) तळातून बघत बसलं की अर्ध्या तासात मान धरते आणि दोष छंदाच्या माथी जातो. टेपनं अंतर मोजून चष्मा करणाऱ्याला सांगा, त्या अंतराचा वेगळा चष्मा करून मिळतो.

पक्षीनिरीक्षणाला तुम्ही ‘तरुणांचं काम’ म्हटलंत. दुर्बीण चुकली तर ते खरंच तसं होतं. आकडे मोठे म्हणून १०×५० घेतली जाते (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या रुंदीचा), पण पक्षी १० पट मोठा दिसतो तसा हाताचा कंपही १० पट दिसतो. ८×४२ घ्यावी, किंवा त्याहून हलकी ८×३२. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिलिमीटरमध्ये मिळते: ८×४२ला सव्वापाच, ८×३२ला ४. उतारवयात बाहुली अंधारातही फारशी ५ मिमीपुढे उघडत नाही, त्यामुळे ७×५०चा ७ मिमीचा झोत वाया जातो आणि वजन तेवढं गळ्यात राहतं. जुळवणी अशी: उजवं भिंग झाकून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला स्पष्ट दिसेल असं करा, मग डावं झाकून त्याच वस्तूकडे बघत उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा. एवढं न केल्यामुळे डोकं दुखून दुर्बिणी पडून राहतात.

बागकामात गुडघ्यांपेक्षा पाठ आधी बोलते. १२ इंची कुंडी ओल्या मातीसकट सहज १५-२० किलो भरते. ती चाकाच्या पाटावर तरी ठेवावी, नाहीतर ७० सेंमी उंचीच्या टेबलावर लहान कुंड्या. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) हलकं असतं, पण वरून कोरडं दिसतं तेव्हा आत ओल असते. बोट दोन पेरं खुपसून बघितल्याशिवाय पाणी घालू नये.

यादीत एक तरी गोष्ट उभ्यानं, तोल सांभाळत करायची असावी, हे मात्र सोडवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत ६५ वर्षांपुढच्यांसाठी तोल आणि ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस सांगितले आहेत.

आता व्हायोलिन. नवशिक्याच्या हातात सगळ्यांत उशिरा गोड वाजणाऱ्या वाद्यांपैकी ते एक. बोट कुठे ठेवायचं हे दाखवणारे पडदे नाहीत, दोन मिलिमीटर सरकलं की सूर बिघडला. भाऊ तासभर सलग बसत असतील तर खांदा भरून येणारच. पुन्हा इच्छा झाली तर दिवसातून दोनदा १५ मिनिटं, पहिले दोन आठवडे डावा हात न लावता मोकळ्या तारांवर फक्त लांब बो (गज) ओढायचा, मोबाइलवर षड्ज सुरू ठेवून. इच्छा नसेल तर तीही हरकत नाही. पण व्हायोलिन पेटीत पडून आहे म्हणता, तर आजच बोचा स्क्रू फिरवून त्याचे केस सैल करायला सांगा. बो ताणलेलाच राहिला तर दांडी वाकते, आणि मग वाद्य दुसऱ्या कुणाला द्यायचं झालं तरी बो नवा घ्यावा लागेल.