पुन्हा तोच गोठलेला पाइप!

पारा शून्याखाली गेला की लीड्समधल्या आमच्या घरातला, घर गरम ठेवणारा बॉयलर बंद! सलग तिसरा हिवाळा. पहाटे गुडगुड आवाज, मग लॉकआउट, म्हणजे बॉयलर आपोआप बंद पडतो. पोरं कुडकुडतायत आणि मी अंधारात, बॉयलरमध्ये साचणारं पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपवर कोमट पाणी ओततेय. अरे, गॅसचे कंडेन्सिंग बॉयलर (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता वापरणारे) इथे इंग्लंडमध्ये २००५ पासून सक्तीचे आहेत, मग भिंतीबाहेर २२ मिलिमीटरचा उघडा पाइप अजून लावतंच कोण? थेंबथेंब येणारं पाणी त्यात गोठणारच, एवढंही कळत नाही? बाहेर ३२ चा लावा, लांबी तीन मीटरच्या आत ठेवा, नीट उतार द्या, वर वॉटरप्रूफ लॅगिंग, म्हणजे थंडी रोखणारं आवरण, गुंडाळा. नाहीतर घरातल्याच सांडपाण्याच्या पाइपला जोडा ना! दरवर्षी माणूस येतो, बर्फ वितळवतो, पैसे घेऊन जातो. पाइप तोच!