ड्रायरच्या झाकणात काडी घालणारा मेसेज

पाऊस धरला की पाटण-जावळीकडे चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, आणि नेमका त्याच दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘ड्रायर बंद पडला? मेकॅनिकला हजार रुपये देऊ नका! घरीच पाच मिनिटांत दुरुस्त करा.’ खाली सहा उपाय, मग जोडलेले हात, मग ‘जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’. यंदा तो कराडच्या मावशीकडून आला. सोबत तिचा प्रश्न, ‘दुसऱ्या नंबरचं करून बघू का रे?’

नको मावशी. बाकीच्यांचं नंतर बघू, पण दुसऱ्या नंबरचं अजिबात नको.

मेसेज न मिळालेल्या भाग्यवंतांसाठी ते सहा उपाय थोडक्यात असे. एक, ड्रायर नुसता गुणगुणत असेल तर कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा भाग) गेला आहे, टबाला हाताने झटका द्या. दोन, झाकणाखालच्या स्विचमध्ये आइस्क्रीमची काडी घालून तो कायमचा दाबून टाका आणि ब्रेकची वायर काढा, कारण ‘हे दोन्ही पार्ट कंपनीने मेकॅनिकचा धंदा चालावा म्हणून ठेवलेत’. तीन, मोठा कपॅसिटर लावला की स्पीड वाढतो, शेतातल्या पंपाच्या स्टार्टरमधला जुनासुद्धा चालतो. चार, शॉक लागत असेल तर प्लग उलटा लावा आणि मशिनखाली लाकडी पाट ठेवा. पाच, मशिन धडधडत असेल तर वर वीट ठेवा. सहा, खालून पाणी गळत असेल तर खोबरेल तेल सोडा.

आपल्याकडे ड्रायर म्हणतात तो सेमी-ऑटोमॅटिक मशिनमधला छोटा टब. तो गरम हवा सोडत नाही, कपडे गरागरा फिरवून पाणी झटकतो. त्यामुळे इथे जे काही बिघडतं ते फिरण्याशी, थांबण्याशी आणि पाण्याशी संबंधित असतं.

आता दुसरा नंबर. झाकण उघडलं की या मशिनमध्ये एकाच वेळी दोन गोष्टी होतात. पॅनेलखालचा स्विच मोटरचा करंट तोडतो. आणि झाकणाला बांधलेली वायर सैल पडून खाली मोटरच्या शाफ्टवरच्या ड्रमला ब्रेकचा गुटका स्प्रिंगच्या जोराने आवळतो. झाकण बंद केलं की वायर ताणली जाते, गुटका सुटतो, स्विच जुळतो. जोडी आहे ती. आता फक्त स्विचमध्ये काडी घाला आणि झाकण उघडा: मोटरला करंट चालूच आणि ब्रेकही आवळलेला. मोटर जोर लावते, गुटका धरून ठेवतो, रबर जळल्याचा वास येतो. थांबलेली मोटर चालत्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, म्हणून वायंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, तापतं. आत थर्मल प्रोटेक्टर, म्हणजे जास्त तापलं की करंट तोडणारा भाग, असेल तर तो दोन-चार वेळा तोडून वाचवेल, नसेल तर मोटर गेली. म्हणजे शे-दोनशेचा स्विच वाचवायला निघालात आणि अख्खी मोटर घालवलीत.

मेसेजवाल्यालाही हे कुठेतरी कळलं असणार, म्हणूनच तो ब्रेकची वायरही काढायला सांगतो. म्हणजे मोटर वाचली. आणि हात?

हिशोब करा. ड्रायरची मोटर टबाला थेट जोडलेली असते, मधे पट्टा नाही. टब मिनिटाला साधारण १३५० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला बावीस-तेवीस. टबाचा व्यास २४ सेंटिमीटर धरला तर त्याची कड सेकंदाला १७ मीटर पळते, म्हणजे ताशी ६० किलोमीटर. पुणे-बंगळूर हायवेवरच्या एसटीचा वेग, आणि तो मोरीतल्या उघड्या डब्यात, ओल्या साडीसकट. साडीचा काठ किंवा ओढणीचं टोक बाहेर आलं आणि ते काढायला कोणी हात घातला, तर कापड मनगटाभोवती वळसा घेतं आणि आवळतं. कापड हाताभोवती गुंडाळायला टबाचे दोन फेरे पुरतात, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. हात मागे घ्यायला वेळच नसतो. करंट बंद केला तरी ब्रेक नसलेला भरलेला टब बराच वेळ नुसत्या जोरावर फिरत राहतो, आणि आवाज थांबलेला असल्यामुळे माणूस फसतो. लहान मुलाला तर तो भोवराच वाटतो.

‘मेकॅनिकचा धंदा’ म्हणणाऱ्यांनी एवढं एक वाचावं. कपडे पिळणाऱ्या यंत्रांच्या सुरक्षेसाठी आयईसी ६०३३५-२-४ असं स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि घरगुती विजेच्या उपकरणांसाठीची आपली आयएस ३०२ ही मालिका त्याच कुळातली. झाकण आणि मोटर यांची ही सांगड त्या मानकाने सक्तीची केली आहे. झाकण उघडल्यावर टब काही सेकंदांत मिनिटाला ६० फेऱ्यांच्या खाली आला पाहिजे, असा त्याचा दंडक आहे. १३५० वरून ६० वर. मेसेज तुम्हाला जो गुटका फेकायला सांगतो तो हेच काम करतो. मशिनच्या माहितीपुस्तिकेतही टब पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नका असं लिहिलेलं असतं. ती पुस्तिका कोणी उघडत नाही हा भाग वेगळा.

मग स्विच खरंच बिघडला असेल तर? प्लग काढा, पॅनेलमागचे स्क्रू सोडून ते उचला, मल्टिमीटर (करंटची वाट जुळते का, तुटते का हे दाखवणारं मोजणीचं यंत्र) बीपवर ठेवून स्विचच्या दोन टोकांना लावा. झाकण बंद असताना बीप, उघडलं की गप्प, असं झालं तर स्विच चांगला आहे. पुष्कळदा तो चांगलाच निघतो, मोडलेली असते ती झाकणाची प्लास्टिकची जीभ, जी स्विचची पट्टी दाबते. तिथे झाकण बदलायचं. ड्रायरचा टायमरही त्याच सर्किटमध्ये असतो, तो फिरवून तसंच तपासा. ब्रेक घासत असेल, म्हणजे झाकण बंद असूनही गुटका ड्रमला टेकत असेल, तर वायर ढिली पडली आहे. बऱ्याच मॉडेलमध्ये वायरच्या टोकाला दोन-तीन भोकांची पट्टी असते, एक भोक पुढे अडकवलं की काम झालं. झाकण बंद असताना गुटका ड्रमपासून सुटा दिसला पाहिजे आणि उघडताच चिकटला पाहिजे.

याच ब्रेकमुळे एक गंमत होते. लोक झाकण उघडून टब हाताने फिरवून बघतात आणि ‘मोटर जाम आहे’ म्हणतात. झाकण उघडं असताना तो जाम लागणारच, ब्रेक आवळलेला आहे! प्लग काढा, मागचा पत्रा खोला, गुटका हाताने मागे ओढून धरा आणि मग दुसऱ्याला टब फिरवायला सांगा. तरीही अडला तर फिरणारा टब आणि त्याच्या बाहेरचा स्थिर टब यांच्या मधे बहुधा मोजा किंवा रुमाल गेलेला असतो. कपड्यांवर ठेवायची ती प्लास्टिकची गोल जाळी माळ्यावर टाकली की हे होतं.

तिसरा मुद्दा, मोठा कपॅसिटर. हा वाचून हसावं की रडावं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ड्रायरची मोटर चार पोलची, म्हणजे चार चुंबकीय ध्रुवांची. अशा मोटरची वरची मर्यादा मिनिटाला १५०० फेऱ्यांची, आणि भार असल्यामुळे ती त्याच्या थोडी खालीच राहते. ही मर्यादा हर्ट्झ आणि पोल ठरवतात. कपॅसिटर पाच मायक्रोफॅरडचा (हे त्याच्या मापाचं एकक) लावा नाहीतर पन्नासाचा, टब १५०० च्या पुढे जाणार नाही. कपॅसिटर फक्त दुसऱ्या वायंडिंगमधला करंट पुढे-मागे करून मोटरला सुरुवातीचा पीळ आणि दिशा देतो, आणि या मोटरमध्ये तो शेवटपर्यंत सर्किटमध्ये राहतो. म्हणून मोठा लावला तर त्या बारीक तारेच्या वायंडिंगमधून सतत जास्त करंट जातो आणि तेच आधी जळतं. पंपाच्या स्टार्टर पेटीत दोन प्रकार असतात. रन कपॅसिटर ३६ किंवा ५० मायक्रोफॅरडचा, म्हणजे इथे लागतो त्याच्या सात-दहा पट. आणि स्टार्ट कपॅसिटर तर क्षणभरच चालण्यासाठी बनवलेला, तो सतत करंटवर राहिला की फुगतो आणि फुटतो. उसाला पाणी देणारी मोटर आणि बनियन पिळणारी मोटर यांत काही फरक असेल, एवढी शंका तरी यायला हवी होती. छताच्या पंख्याचा अडीचचाही नको, टब नुसता कण्हत बसेल.

आता नाइलाजाने मान्य करायची गोष्ट: पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. ड्रायर गुणगुणतो पण उचलत नाही, तेव्हा ब्रेक घासत नसेल आणि टब मोकळा असेल तर संशय पहिल्यांदा कपॅसिटरवरच घ्यायचा. तो साधारण शे-दोनशेला मिळतो, घरी बदलता येतो, आणि तो गेलेला असताना ‘मोटर जळाली’ सांगणारे महाभागही आहेत. तिथे मेसेजचा राग बरोबर आहे. पण चालू करंटवर, झाकण उघडून, स्विचमध्ये काडी घालून टबाला झटका द्यायचा ही तपासणी नव्हे. मल्टिमीटर असताना हात कशाला घालायचा?

क्रम असा. प्लग काढा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही. मागचा पत्रा खोला. काहीही सोडण्याआधी वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या, कारण रंग कंपनीगणिक बदलतात. पत्र्याच्या आतल्या बाजूला सर्किटचं चित्र चिकटवलेलं असलं तर तेच प्रमाण. कपॅसिटर चौकोनी प्लास्टिकच्या डबीत असतो. पुष्कळ मशिनमध्ये एकाच डबीत दोन असतात, धुण्याच्या मोटरचा मोठा आणि ड्रायरचा छोटा, डबीवर ‘१० + ५’ असं काहीतरी छापलेलं. त्यामुळे धुणं व्यवस्थित आणि ड्रायर मुका, असं होऊ शकतं. अर्धी डबीच गेलेली असते.

हात लावण्याआधी तो रिकामा करा. एरवी मोटर बंद झाली की त्यातला चार्ज वायंडिंगमधूनच उतरून जातो. पण वायर तुटलेली किंवा वायंडिंग उघडं पडलेलं असेल तर चार्ज आतच राहतो, आणि बिघडलेल्या मशिनमध्ये नेमकं हेच असू शकतं. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर दोन टोकांना काही सेकंद धरा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची मर्दुमकी नको. मग वायरी सोडून मल्टिमीटरच्या कपॅसिटरच्या रेंजवर मोजा. डबीवर ±५ टक्के लिहिलेलं असतं. पाचाचा चारावर आला असेल तर बदला. नवा घेताना मायक्रोफॅरड तोच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, ४४० असलेला उत्तम, आणि एसी मोटरचाच. जुनी डबी दुकानात सोबत न्या.

कपॅसिटर चांगला निघाला तर मोटरच्या तीन वायरी दोन-दोन करून ओहमवर मोजा. तीन आकडे येतील आणि सगळ्यांत मोठा बाकी दोघांच्या बेरजेएवढा असेल. एखादी जोडी ‘उघडी’ दाखवत असेल आणि मोटर गार असेल तर वायंडिंग किंवा प्रोटेक्टर तुटलाय. कुठलीही वायर आणि मोटरची बॉडी यांच्यात काहीही आकडा दिसला तर तिथेच थांबा, ती मोटर परत लावायची नाही.

इथून चौथा आणि सहावा मुद्दा एकत्रच घ्यायला हवेत, कारण शॉक आणि गळती ही बहुतेक वेळा एकाच दुखण्याची दोन टोकं. ड्रायरचा शाफ्ट टबाच्या तळातून खाली येतो, तिथे रबराचा बेलो (घड्यांची रबरी नळी) आणि त्यात पाणी अडवणारा सील असतो. त्याचा ओठ झिजला की पाणी थेंबथेंब थेट खालच्या मोटरवर पडतं. जत-कवठेमहांकाळकडच्या बोअरच्या जड पाण्यात शाफ्टवर क्षाराची पुटं चढतात आणि ती हा ओठ कानशीसारखी कापतात. मोटर ओली झाली की बेअरिंग गंजतं आणि करंट बॉडीवर उतरतो. यावर खोबरेल सोडलं तर ते ओघळून ब्रेकच्या गुटक्यावर जातं आणि ब्रेक घसरायला लागतो. गळती जिथल्या तिथे.

बेलो बदलायचा असेल तर मोटर आणि शाफ्टमधल्या कपलिंगचे, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या तुकड्याचे, बोल्ट सोडायचे, आधी लॉकनट आणि मग बोल्ट. गंजले असतील तर गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबा. हातोडी मारली की शाफ्ट वाकतो आणि मग टब आयुष्यभर डुलतो. टब सरळ वर उचला, सील काढा, तोच घेऊन दुकानात जा, कारण शाफ्टची जाडी मॉडेलप्रमाणे बदलते. शाफ्टवरची पुटं साफ केल्याशिवाय नवा सील चढवू नका. बोल्ट परत आवळताना त्याचं टोक शाफ्टवरच्या खाचेतच बसलं पाहिजे, नाहीतर मोटर फिरेल आणि टब नाही. शेवटी प्लग न लावता टबात दोन तांबे पाणी ओता, दहा मिनिटांनी खाली हात फिरवा. कोरडं लागलं तरच पुढे.

आणि प्लग उलटा लावण्याबद्दल: तीन पिनांचा प्लग उलटा बसतच नाही. बसत असेल तर कोणीतरी अर्थची पिन आधीच काढलेली आहे किंवा मधे दोन पिनांचं अडॅप्टर आहे, आणि खरा दोष तोच. उलटा लावल्यावर मुंग्या कमी झाल्यासारखं वाटू शकतं, पण आता मशिनचा टायमर आणि झाकणाचा स्विच न्यूट्रलमध्ये गेले. म्हणजे ड्रायर बंद असतानाही वायंडिंगपर्यंत फेज उभी. लाकडी पाट मशिनला जमिनीपासून वेगळं करतो, तुम्हाला नाही. ओल्या मोरीत अनवाणी उभे तुम्हीच आहात. सॉकेटचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवा, आणि शॉक देणारं मशिन तोवर बंद.

राहिली वीट. १३५० फेऱ्यांना टबाच्या कडेवरची वस्तू स्वतःच्या वजनाच्या जवळपास २४५ पट जोराने बाहेर खेचते. एका बाजूला २०० ग्रॅम जास्त झाले, म्हणजे एक ओला नॅपकिन, की सिमेंटच्या पोत्याएवढा जोर सेकंदाला बावीस वेळा दिशा बदलत बसतो. त्यावर तुमची वीट फक्त नाचेल आणि पायावर पडेल. कपडे काढा, सारखे पसरून दाबून भरा, वर जाळी ठेवा. तरीही धडधडलं तर मागून बघा, मोटरखालच्या तीन स्प्रिंगांपैकी एखादी तुटली किंवा निसटली असेल.