खांबामागे उभ्या राहिलेल्या पाहुण्यांस

नमस्कार. शनिवारच्या रॉक शोबद्दल तुम्ही दोन स्टार दिलेत आणि त्याखाली बरंच लिहिलंत. दोनदा वाचलं. क्लबचा मालक मीच. शेवटी टॉर्च घेऊन स्टेजपाशी आलेला तो 'खडूस वॉचमन'ही मीच.

इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमच्या तक्रारी थोडक्यात सांगतो. साडेआठचा शो दहाला दहा कमी असताना सुरू झाला. पुढे उभं राहून गायकाचा एक शब्द कळेना, मागे गेलात तर मध्ये खांब. वय 23 असून रम नाकारली. पाणी संपलं. कान दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाजत होते. शेवटचं गाणं अर्ध्यात तोडलं. आणि धक्काबुक्कीत चष्मा गेला, तो कुणी शोधून दिला नाही.

उशिराचं आधी. बँड मुंबईहून येत होता आणि गाडी खंडाळ्याच्या घाटात अडकली. घाट माझ्या हातात नाही, पण साडेसातला दार उघडून लोकांना आत घेणं माझ्या हातात होतं. गाडी कुठे आहे ते मला तेव्हा माहीत होतं. बारवर चार पैसे होतील म्हणून दार उघडलं, हे खरं. बाहेर एक कागद चिकटवला असता तर तुम्ही समोर वडापाव खाऊन आला असतात.

आवाजाची तक्रार मात्र मला सगळ्यात जास्त लागली, कारण बँड मराठी गाणी करतो. शब्दच कळले नाहीत तर उरलं काय? झालं असं. एरवी बँड पाच वाजता येतो आणि दीड तास साउंडचेक, म्हणजे शोआधी आवाज जुळवणं, चालतो. त्या दिवशी पंधरा मिनिटांत नुसती प्रत्येक वायर वाजते का ते पाहिलं आणि सुरू केलं. आमच्यासारख्या छोट्या हॉलमध्ये हे महागात पडतं. ड्रमला आवाज कमी करायचं बटण नसतं. गिटारवाल्याचा अँप (गिटारचा स्वतःचा स्पीकर) जरा वर नेल्याशिवाय त्याला हवा तसा गुरगुरत नाही. या दोघांच्या वर गायकाला काढायचं तर माइक वाढवावा लागतो, आणि वाढवला की तो शिट्टी मारतो. त्यातून मोठे स्पीकर दोन्ही कडांना टांगलेले, तोंड हॉलच्या मध्यावर. तुम्ही पहिल्या रांगेत, म्हणजे गाणं तुमच्या डोक्यावरून गेलं आणि ड्रम व गिटार थेट छातीवर आली. साउंडचेक झाला असता तर अँप तिरका वळवला असता, खाली आणला असता. आमचा साउंडवाला पोरगा शो चालू असताना दोनदा गिटारवाल्याला हाताने 'कमी, कमी' करत होता. गिटारवाल्याने दोन्ही वेळा त्याला अंगठा दाखवला आणि आणखी वाढवला.

पुढच्या वेळी (आलात तर) साउंडच्या टेबलाशेजारी उभे राहा. मिक्स करणारा तिथे बसून ऐकतो, त्यामुळे हॉलमधला सगळ्यात स्वच्छ आवाज तिथेच असतो. पहिली रांग घाम उडालेला पाहायला छान.

खांब पाडता येत नाही, वर तीन मजले आहेत. पण खांबामागची जागा पूर्ण पैशांत विकणं बरोबर नव्हतं. या शनिवारपासून ती बारा तिकिटं 250 ला, आणि वर स्पष्ट छापलेलं असेल: 'ऐकू येईल. दिसणार नाही.' पुण्यात पाट्या वाचून कुणाला राग येत नाही.

रमबद्दल माफी मागणार नाही. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला 21 पूर्ण लागतात, रम-व्हिस्कीला 25. तुम्ही मतदान करता, लग्न करू शकता, सगळं मान्य. पण माझं लायसन ज्या कायद्याखाली आहे त्याचं नावच दारूबंदी कायदा, 1949 सालचा. त्याच्याशी वाद घालायची माझी ऐपत नाही. बारवरच्या मुलीला तुम्ही जे बोललात ते मात्र तुमच्या रिव्ह्यूत नाही.

पाणी: वीस लिटरचा जार साडेनऊलाच उपडा झाला होता. आता तीन असतात.

कान: साउंडच्या टेबलापाशी आमचं मीटर त्या रात्री 102 डेसिबल दाखवत होतं, पुढे त्याहून जास्त असणार. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा जागांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी 100 च्या वर जाऊ नये असं सांगितलंय. फोमचे इअरप्लग आमच्याकडे होते, पण वीस रुपयांना आणि काउंटरच्या खाली. आता दारातच वाडग्यात ठेवलेत, फुकट.

एसीचंही तुम्ही लिहिलंत, की तिकीट सहाशे करा पण हवा द्या. पाचशेच्या वर तिकीट गेलं की 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणून पाचशेवर थांबलोय. त्यातले 350 बँडला जातात. एसीचं उन्हाळ्याआधी बघतो.

आता शेवटचं गाणं. लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद हा नियम आहे, पण बंदिस्त हॉलला त्यातून सूट आहे आणि आमची दारंही दुहेरी आहेत. तरी बेस ड्रमचा धपका दारातून जात नाही, भिंतीतून जातो. मागच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मला एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात नेऊन उभं केलं. मांडणीवरची फुलपात्रं किणकिणत होती, तीही तालात. त्या दिवशी मी साडेअकराला आवाज बंद करायचा शब्द दिला. शनिवारी 11:34 ला मी स्वतः मेन स्पीकर बंद केले. वेळ बरोबर होती, पद्धत चुकली. उशीर झाल्यावर मधली दोन गाणी गाळा, हे बँडला दहालाच सांगायला हवं होतं.

पण त्यानंतरचं तुम्ही लिहिलं नाहीत. ड्रमर काठीने नुसत्या कडेवर ठेका धरून राहिला, गायक माइक सोडून पुढे आला आणि शेवटचं कडवं सगळ्या हॉलने म्हटलं. त्या रात्री शब्द पहिल्यांदा कळले ते तेव्हा. तुम्हीही म्हणत होतात, टॉर्च तुमच्याच तोंडावर होता.

तिकिटाचे पैसे पूर्ण परत करतोय. अर्धे देणार होतो, बायको हिशेब पाहते, तिने ऐकलं नाही.

चष्मा सापडलाय. साडेबाराला झाडताना स्टेजवरच्या डाव्या मॉनिटरखाली (बँडकडे तोंड असलेला स्पीकर) मिळाला. काचा शाबूत, उजवी काडी वाकलेली. गल्ल्याच्या खणात ठेवलाय, सोबत त्याच ड्रमरची तुटलेली अर्धी काठी आहे, हवी तर घ्या. सोमवार सोडून रोज पाचनंतर मी असतो.